सांगलीकडची मुलगी, पुण्यातला पोर्टफोलिओ आणि अंधेरीतला करार

ही हकिगत तिला वाचून दाखवून, तिच्या परवानगीने लिहिली आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. मी पुण्यात अभिनयाच्या छोट्या कार्यशाळा घेते. हल्ली माझ्याकडे येणारी बरीच मुलं दारातच विचारतात, "ताई, एजन्सी कशी मिळेल?" एका मुलीच्या बाबतीत हा प्रवास कसा झाला, कुठे आम्ही बरोबर ठरलो आणि कुठे माझं चुकलं, ते सगळं मांडते.

पार्श्वभूमी

ती सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडिलांचं खतं-औषधांचं दुकान, आई अंगणवाडीसेविका. बी.कॉम.साठी पुण्यात आली आणि कॉलेजच्या नाट्यमंडळात शिरली. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत पहिल्या वर्षी तिने प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळली, दुसऱ्या वर्षी तीन वाक्यांची भूमिका मिळाली, तिसऱ्या वर्षी तिने नायकाची आई केली. भरत नाट्य मंदिरात मी ती एकांकिका पाहिली होती. वीस वर्षांची मुलगी पन्नाशीची बाई करत होती आणि कमरेवर हात ठेवण्याची तिची पद्धत इतकी खरी होती की प्रयोगानंतर मी मुद्दाम नाव विचारलं.

पदवीनंतर ती एका कर सल्लागाराच्या कार्यालयात नोकरीला लागली. पगार १४,००० रुपये. जून २०२२ मध्ये माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात जाड पुठ्ठ्याचा अल्बम होता.

अडचण

त्या अल्बमला ६५,००० रुपये पडले होते. पुण्यातल्या एका स्टुडिओने "हा पोर्टफोलिओ झाला की मुंबईच्या एजन्सीत तुझी जागा पक्की" असं तोंडी सांगितलं होतं. वडिलांनी दुकानाच्या मालाला लागणारी रक्कम बाजूला काढून ती दिली होती. बिलावर फक्त "फोटोशूट" एवढा शब्द.

मी अल्बम चाळला. चाळीस फोटो. गाऊन, नववधू, जिमचे कपडे, मोटारसायकलवर लेदर जॅकेट. त्वचा इतकी गुळगुळीत केलेली की हनुवटीवरचा तीळही गेला होता. तिनेच नंतर सांगितलं, त्यातला एक फोटो वडिलांना पाठवला तर त्यांनी विचारलं, "ही कोण?"

मला सगळी अडचण त्या दोन शब्दांत दिसली. एजन्सीत बसलेली व्यक्ती फोटो पाहून मुलीला बोलावते. दार उघडून दुसरीच मुलगी आत आली तर भेट पाच मिनिटांत संपते. तिने हे फोटो ३१ ठिकाणी ईमेलने पाठवले होते. दोन उत्तरं आली. दोन्हीकडे नोंदणीचे पैसे मागितले होते आणि एकाने वर "आर्टिस्ट कार्ड" काढावं लागेल असंही लिहिलं होतं. ऑडिशन द्यायला असं कुठलंच कार्ड लागत नाही. हे कार्ड विकणारे मुंबईत वर्षानुवर्षं आहेत आणि बाहेरगावची मुलं त्यांना हमखास सापडतात.

दुसरी अडचण, तिला मॉडेल व्हायचं होतं की अभिनेत्री, हे तिचंच ठरलेलं नव्हतं. अर्जात उंची पाच फूट सहा इंच लिहिली होती. मी तिला दाराच्या चौकटीला उभं करून टेपने मोजलं. पाच फूट साडेतीन. फॅशन शोच्या रॅम्पसाठी मुलींची उंची साधारण पाच-आठच्या पुढे बघतात आणि एजन्सीत पहिल्याच भेटीत टेप काढतात. तिथे अडीच इंच गायब झाले की पुढचं सगळंच खोटं वाटायला लागतं. जाहिरातींना उंचीची अशी अट नसते, तिथे चेहरा आणि वावर चालतो. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिसरी अडचण तिला लाजेची वाटत होती, मला नाही. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मी कालच आलो…" आणि लगेच जीभ चावून, "…आले." कोल्हापूर-सांगलीकडे बायका सर्रास "मी आलो, मी जेवलो" म्हणतात. पुण्यात वसतिगृहात त्यावरून तिला इतकं हसले होते की ती बोलताना प्रत्येक क्रियापदाआधी क्षणभर थांबायची. ते थांबणं कॅमेऱ्यात स्पष्ट दिसायचं.

चौथं म्हणजे, कोण कुणासाठी काम करतं याचा तिच्या डोक्यात गोंधळ होता, आणि तो बहुतेकांचा असतो. कास्टिंग डिरेक्टरला निर्माता नेमतो आणि निर्माताच पैसे देतो. त्याचं काम भूमिकेला माणूस शोधणं. एजन्सी कलाकाराच्या बाजूने बोलते, मानधन ठरवते, तारखा सांभाळते आणि मिळालेल्या कामातून आपली टक्केवारी घेते. जुने को-ऑर्डिनेटर हेच काम कमी कागदपत्रांवर करत आले. यातल्या कुणालाही काम मिळण्याआधी कलाकाराने पैसे देण्याचं कारण नसतं.

समोर असलेले पर्याय

ती आली तेव्हा तिच्यासमोर एक ताजा प्रस्ताव होता. मुंबईतली एक संस्था १,२०,००० रुपयांत तीन महिन्यांचं प्रशिक्षण, नवा पोर्टफोलिओ आणि "एजन्सी टाय-अप" देणार होती. वडील फोनवर मला म्हणाले, "मॅडम, एकदाच भरायचे असतील तर बघतो कायतरी. पण मग काम नक्की लागेल ना?" मी नाही म्हटलं. एजन्सीने घेतलं तरी काम नक्की नसतं, हेही सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असं सरळ सांगणारं कोण भेटलं नव्हतं."

दुसरा पर्याय, नोकरी सोडून थेट मुंबई गाठणं. वर्सोव्याच्या आराम नगरात बंगल्याबंगल्यांतून कास्टिंगची ऑफिसं आहेत. रांगेत उभं राहायचं, नाव-वय-उंची लिहून द्यायची आणि बऱ्याचदा दारातूनच "नॉट फिट" ऐकून पुढच्या दाराला जायचं. यातून शिकणारे पुष्कळ आहेत. पण तिच्याकडे शिल्लक २२,००० रुपये होते आणि दाखवायला धड एकही फोटो नव्हता.

तिसरा पर्याय विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात दोन वर्षं शिकण्याचा. मला स्वतःला तो आवडत होता. तिला घरून आणखी दोन वर्षं मागायची नव्हती आणि तिचं ते म्हणणं मी मान्य केलं.

आम्ही निवडला तो चौथा. सहा महिने नोकरी चालू ठेवायची, रविवारी आणि रात्री तयारी करायची, साहित्य नव्याने उभं करायचं आणि मगच एजन्सींकडे जायचं. मॉडेलिंग वेगळं न धरता अभिनय आणि जाहिराती एवढंच लक्ष्य ठेवायचं.

काय केलं: फोटो आणि टेप

अल्बम कपाटात गेला. माझ्या गच्चीवरच्या खोलीत पांढऱ्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात, मेकअप न करता साधा टी-शर्ट आणि जीन्समध्ये फोनवर आठ फोटो काढले. समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उंचीचा, केस बांधून, केस सोडून. एजन्सीवाले यांना डिजिटल्स म्हणतात. खर्च शून्य. मग एका फोटोग्राफर मित्राकडून चार नीट क्लोजअप काढून घेतले, ६,००० रुपयांत. तीळ ठेवायचा, ही एकच अट.

टेपला, म्हणजे ऑडिशनसाठी फोनवर चित्रित करून पाठवायच्या व्हिडिओला, मात्र पाच महिने गेले.

रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायची सवय झालेली मुलगी फोनच्या कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा बोलली तेव्हा भुवया कपाळभर नाचत होत्या. मी तिला आवाज बंद करून तिचीच टेप पाहायला लावली. ती स्वतःच म्हणाली, "हे कोण बोलतंय?" त्यानंतर नियम केला की समोर क्यू देणारी, म्हणजे दुसऱ्या पात्राची वाक्यं म्हणणारी, व्यक्ती लेन्सला अगदी चिकटून बसेल आणि ती फक्त तिच्याशी बोलेल, हात पुढे केला तर पोहोचेल इतक्या अंतरावरच्या माणसाशी बोलतो तसं. दर रविवारी तीन टेप. आधीच्या आठवड्यातली टेप पाहिल्याशिवाय नवी सुरू करायची नाही.

प्रत्यक्षात स्क्रिप्ट संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर येतं आणि टेप सकाळी हवी असते. म्हणून ऑक्टोबरपासून मीही तसंच केलं. रात्री आठला दोन पानं पाठवायची, सकाळी नऊला टेप. इंट्रो वेगळा: नाव, वय, उंची, शहर, भाषा, मग डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, हाताचे पंजे पुढे-मागे. पंजे कशाला, असं तिने विचारलं. जाहिरातीत कपही हातात धरायचा असतो, बांगडीही. पहिल्या महिन्यात ती इंट्रोत पाठ केल्यासारखं हसायची. ते हसू जायला अभिनयापेक्षा जास्त वेळ लागला.

भाषेचा निर्णय

या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय माझ्या मते हा होता, आणि तो आधी मी उलटा घेतला होता.

सुरुवातीचे दोन महिने मी तिची भाषा "स्वच्छ" करण्यात घालवले. प्रमाण मराठी यायलाच हवी, हे खरंच होतं. पण टेपमध्ये काहीतरी मेलेलं असायचं. वाक्य बरोबर, उच्चार बरोबर, आणि मुलगी गायब. नोव्हेंबरात एका रविवारी ती गावाहून आली ती भडकूनच. चुलत्यांशी शेताच्या वाटणीवरून घरात भांडण झालं होतं. चहा करता करता ती मला सांगत होती, "मी म्हटलं, मी काय म्हणतो, आधी सातबारा बघ आणि मग बोल की." त्यात कुठेही थांबणं नव्हतं. पाच महिन्यांत जे मला दिसलं नव्हतं ते ओट्यापाशी उभं होतं.

मी फोनचा कॅमेरा लावला आणि म्हटलं, हेच पुन्हा सांग. भावाला सांगते आहेस असं. ती टेप एक मिनिट दहा सेकंदांची झाली. एकदाच घेतली.

मग प्रश्न पडला की ही टेप एजन्सीला पाठवायची का. तिला भीती होती की ती "गावाकडची" या एकाच खान्यात अडकेल. भीती खोटी नव्हती. मालिकांत ग्रामीण मुलगी म्हणजे बऱ्याचदा एक ठरावीक हेल आणि डोक्यावर पदर. दोन आठवडे आम्ही यावर बोलत राहिलो. शेवटी ठरलं की तीन टेप जातील. पहिली सांगलीच्या बोलीतली, दुसरी प्रमाण मराठीत बँकेतल्या कॅशियरची, तिसरी हिंदीत. सगळ्यात वर बोलीतली, कारण तिच्यासारखं ते बोलणारी दुसरी मुलगी त्या दिवशी त्यांच्या ईमेलमध्ये असण्याची शक्यता कमी होती.

एजन्सींकडे

या वेळी ३१ ऐवजी नऊ नावं काढली. निकष साधे होते. पैसे मागतात का, ऑफिस आहे का, त्यांचे कलाकार पडद्यावर दिसतात का, आणि त्यांच्याकडच्या निदान दोन जणांशी आम्हाला बोलता येतं का. तिच्या वयाच्या, तिच्याच प्रकारच्या सहा मुली आधीपासून असतील तिथे सातवी होऊन उपयोग नाही, म्हणून दोन नावं गळली. ईमेल पाच ओळींचा: कोण, कुठली, खरी उंची, भाषा, टेपची लिंक. भेटी दिवसाच, ऑफिसातच, आणि सोबत मैत्रीण. यातलं काहीही बदलायची विनंती समोरून आली तर जायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं.

दोन बोलावणी आली. पहिल्या ठिकाणी विसाव्या मिनिटाला ३५,००० रुपयांचं "ग्रूमिंग" निघालं. ती नमस्कार करून उठली. हे ती एकटी करू शकली याचा मला आजही आनंद होतो.

दुसरी एजन्सी अंधेरी पश्चिमेला. दोघी जणी चालवतात आणि एक हिशेबनीस असतो. ती पहाटेच्या गाडीने दादरला उतरली, तिथून अंधेरी, मग मेट्रो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही स्वतःला कुठल्या कामात बघता?" हा प्रश्न आम्ही तयार केला होता. तिने सांगितलं, कॅशियर, नर्स, ग्रामसेविका, धाकटी जाऊ, नायिकेची खमकी मैत्रीण. जाहिरातीत नवविवाहित आणि दुकानदारीण. "हिरोईन?" त्यांनी विचारलं. "कुणी दिली तर करेन, पण त्यासाठी तुम्ही मला घेऊ नका," ती म्हणाली. हे उत्तर मी शिकवलेलं नव्हतं. एजन्सीला उद्या सकाळी कुणाला फोन करून काय सांगायचं ते कळावं लागतं. ती भेट संपली तेव्हा त्यांना ते कळलेलं होतं.

करार

आठवड्याने अकरा पानांचा मसुदा आला. तिला त्याच रात्री सही करायची होती. मी चार दिवस मागितले आणि ओळखीच्या वकिलाला बसवलं.

मुदत तीन वर्षं, पूर्ण एक्सक्लुझिव्ह, म्हणजे त्या काळात दुसरी एजन्सी धरायची नाही. टक्केवारी २५, तीही तिने स्वतः आणलेल्या कामावर आणि नाटकावरसुद्धा. तिच्या वतीने सही करण्याचा अधिकार एजन्सीला. पैसे एजन्सीच्या खात्यात येणार, पण तिला किती दिवसांत मिळणार याचा उल्लेख नाही. आणि मुदत संपल्यावर एक वर्ष दुसऱ्या एजन्सीत जायचं नाही.

शेवटच्या अटीवर वकिलांनी भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम २७ दाखवलं. व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याची व्यवस्थापन कंपनी यांच्या खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाखाली मुदत संपल्यानंतरचं बंधन अमान्य केलं होतं. श्रीरामपूरच्या मुलाचं नाव ऐकल्यावर तिचे वडील पहिल्यांदा त्या चर्चेत मोकळे झाले आणि त्यांनी प्रत्येक अट पुन्हा समजावून घेतली.

एजन्सीची बाजूही खोटी नाही. नव्या मुलीवर त्या आठ-दहा महिने बिनकमाईचे घालवतात, आणि काम सुरू झालं की ती उठून गेली तर त्यांच्या हाती काय राहणार? म्हणून एक्सक्लुझिव्ह असण्याला आम्ही हरकत घेतली नाही. मुदत एक वर्ष मागितली, ती मिळाली. टक्केवारी २० झाली, स्वतः आणलेल्या कामावर १०, नाटक पूर्ण मोकळं. प्रत्येक सहीआधी तिची लेखी संमती. मुदतीनंतरची अट त्यांनी स्वतःच काढली. पैसे आल्यापासून दहा दिवसांत तिला, आणि निर्मात्याला जाणारं बिल तिच्या नावाने. बिल एजन्सीच्या नावाने गेलं असतं तर टीडीएसही (मानधनातून आधीच कापला जाणारा कर) एजन्सीच्या पॅनवर जमा झाला असता आणि विवरणपत्र भरताना तिला तो परत मागता आला नसता. कर सल्लागाराकडची नोकरी इथे कामी आली, हा मुद्दा तिनेच काढला.

जानेवारी २०२३ मध्ये सही झाली.

पुढे काय झालं

फेब्रुवारीत तिने नोकरी सोडली आणि जोगेश्वरीत तिघींत मिळून खोली घेतली. महिना ९,००० आणि तिच्या वाट्याची अनामत ३०,०००. चौदा महिन्यांत तिने ५८ ऑडिशन आणि टेप दिल्या. सहा वेळा शॉर्टलिस्ट झाली. दोन जाहिराती आणि एका मराठी मालिकेत १९ दिवसांचा ट्रॅक, म्हणजे कथेतल्या एका भागापुरती भूमिका, मिळाली. मालिकेतली भूमिका ग्रामसेविकेची होती आणि कास्टिंगवाल्यांनी पाहिली होती ती सातबाऱ्याची टेप.

पहिली जाहिरात मार्चमध्ये झाली. मानधन ४०,०००. त्यातून ४,००० टीडीएस, ८,००० एजन्सीचे, हातात २८,०००. एजन्सीने आपला शब्द पाळला, पण त्यांच्याकडेच पैसे आले चित्रीकरणानंतर ९८व्या दिवशी. या धंद्यात नव्वद दिवस हे नेहमीचं गणित आहे. मे संपता संपता तिची शिल्लक संपली आणि ती गावी गेली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी सहाला फोन आला, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला लुक टेस्ट, म्हणजे भूमिकेच्या वेशात कॅमेऱ्यासमोर चाचणी. मोठी भूमिका होती, दोघींमधून एकीची निवड व्हायची होती. रात्रीच्या बसमध्ये जागा मिळाली नाही. वडिलांनी गाडी ठरवली, ती घाटात बंद पडली. ती अडीच वाजता पोहोचली तेव्हा दुसऱ्या मुलीचं काम लॉक, म्हणजे पक्कं, झालं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

ती लुक टेस्ट हुकण्याचा दोष मी स्वतःकडे घेते. मी तिला टेप शिकवली, करार वाचायला शिकवला, पण मुंबईत जाण्याआधी हिशेबाला बसवलं नाही. सहा महिन्यांचं भाडं आणि जेवण हातात असल्याशिवाय नोकरी सोडायची नाही, हे मी तेव्हा ठासून सांगायला हवं होतं. आणखी तीन महिने पुण्यात राहून, बोलावलं की जाऊन-येऊन काम भागलं असतं. एजन्सीनेही तिला "लगेच या" म्हटलं नव्हतं. घाई आमची होती. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या भेटीत फोटोंच्या आधी बँकेचं पासबुक विचारते.

हिंदीकडे मी उशिरा वळले. त्या ५८ पैकी निम्म्याहून जास्त टेप हिंदीत होत्या आणि तिच्या हिंदीत "है" आणि "हैं" एकच होते. मराठीत खरं बोलायला पाच महिने दिले तर हिंदीला निदान दोन द्यायला हवे होते.

६५,००० परत आले नाहीत. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता आली असती. पण आश्वासन तोंडी होतं, बिलावर एक शब्द, आणि वडिलांना त्यात पडायचं नव्हतं. मी आग्रह धरला नाही. धरायला हवा होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भाषेच्या बाबतीत तिची भीती थोडी खरी ठरली. मालिकेनंतर आलेल्या पाच बोलावण्यांपैकी चार गावाकडच्या मुलींच्या भूमिकांची होती. त्यातल्या दोन तिने एजन्सीशी बोलून नाकारल्या. नाकारायची सोय करारात होती, एवढं बरं.

पहिलं वर्ष संपल्यावर करार तिने आणखी एका वर्षासाठी वाढवला. आता एजन्सी पुढची दोन वर्षं एकदम मागते आहे, टक्केवारी १८ करून. तिने मला फोन केला. मी काही सांगायच्या आत म्हणाली, "ताई, मी काय म्हणतो, दोन वर्षं देतो, पण हिंदीच्या किती ऑडिशन लावणार ते आधी लिहून मागतो." मसुदा सध्या त्यांच्याकडे आहे.